दाजींच्या परसातली पिझ्झा भट्टी: वरून करपतोय, खालून कच्चा

दिवाळीच्या भाऊबीजेला घरात सव्वीस माणसं, भट्टीसमोर दाजी कमरेला टॉवेल बांधून उभे, आणि पहिला पिझ्झा बाहेर आला तो वरून काळा ठिक्कर आणि खालून असा कच्चा की उचलल्यावर मधेच लोंबला. दुसरा तसाच. तिसऱ्याला आम्ही आधी तव्यावर खालून भाजून मग भट्टीत घातला, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजार घालून बांधलेल्या भट्टीला गॅसच्या शेगडीचा आधार लागला. आत्यांनी (दाजींच्या आई) शांतपणे विचारलं, भाकरी टाकू का? टाकल्या. सगळ्यांनी खाल्ल्या.

हे नेमकं काय बिघडलं होतं आणि ते कसं सापडलं हे सविस्तर लिहितोय, कारण परसात अशी भट्टी बांधायचा विचार करणारे आता बरेच जण भेटतात आणि प्रत्येकाचं लक्ष घुमटावर असतं. आमचंही तिथंच होतं.

जागा म्हणजे कोल्हापूरपासून पंधरा-सोळा किलोमीटर, भोगावतीच्या बाजूचं गाव. शेतातच घर, मागं गोठा, गोठ्याच्या अलीकडं मोकळं परस. माती काळी, म्हणजे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगणार, त्यामुळं नुसतं जमिनीवर काही बांधायचं नाही हे दाजींना माहीत होतंच. दोन-अडीच फूट उकरून काळी माती काढली, डबर आणि मुरूम भरून चोपलं, त्यावर दोन बाजूंनी ब्लॉकच्या भिंती घेतल्या आणि वर पाच बाय पाच फुटाची चार इंची स्लॅब. खाली लाकडं ठेवायला पोकळी. इथपर्यंत काम एक नंबर.

सामानाची आम्हाला अडचण नव्हती. कोल्हापूर फाउंड्रीवाल्यांचं (धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्यांचं) गाव, मी स्वतः शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या मेंटेनन्सला, त्यामुळं फायर ब्रिक (आगीत टिकणारी वीट), फायर क्ले (तशीच माती), सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारं तंतूंचं जाड कापड) हे शब्द आमच्याकडं किराणा मालासारखे. नऊ बाय साडेचार बाय तीन इंचाची फायर ब्रिक, एकेक साधारण चार किलोची, दीडशे आणल्या. काही जण विचारतात साधी भाजीव वीट चालत नाही का. चालते, पाववाल्यांच्या कितीतरी जुन्या भट्ट्या साध्या विटेच्याच आहेत, पण रोज पेटणारी भट्टी आणि आठवड्याला एकदा गार-गरम होणारी भट्टी यात फरक पडतो, गार-गरम होऊन साधी वीट कोपऱ्यांनी सोलपटते आणि ते तुकडे पिझ्झावर पडतात. निदान लादीला (भट्टीच्या आतली जमीन, जिच्यावर पिझ्झा भाजतो) तरी फायर ब्रिकच घ्या.

माप असं ठरलं: आतला व्यास ३६ इंच, घुमटाची आतली उंची १८, दाराची उंची साडेअकरा. दार मनाला येईल तेवढं ठेवायचं नसतं, घुमटाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के ठेवतात. त्याहून उंच ठेवलं तर गरम हवा सगळी निसटते, फार बुटकं ठेवलं तर आत हवाच जात नाही आणि विस्तव गुदमरतो.

आता गवंडी मामा. मामांचा हात म्हणजे काय सांगू, त्यांनी आयुष्यभर गुऱ्हाळाची चुलवणं बांधलीत. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: चुलवणाच्या तोंडातून चिपाड (रस काढलेल्या उसाचा चोथा) आत ढकलतात, जाळ काहिलीच्या (रस उकळायच्या मोठ्या कढईच्या) बुडाखालून सरळ मागं जातो आणि मागच्या धुराड्यातून धूर बाहेर. ओढ सगळी मागं. त्यामुळं मामांनी पहिल्याच दिवशी खडूनं भट्टीच्या मागच्या बाजूला धुराड्याची खूण केली. मी म्हटलं मामा, धुराडं पुढं, दाराच्या वर, घुमटाच्या बाहेर. मामा हसले. "अवो, म्होरनं धूर काढला तर पिझ्झा करनाऱ्याच्या डोळ्यात जाईल की. आनी जाळ मागं वडायचा कुनी?"

मामांचं चूक नव्हतं, त्यांच्या चुलवणाला ते बरोबरच आहे. तिथं काहिलीच्या बुडाला सलग जाळ पाहिजे. इथं आपल्याला उष्णता कोंडायची आहे, घुमटाला वर किंवा मागं भोक पाडलं तर सगळी तिथूनच जाणार. घुमटाच्या भट्टीत एकच दार येण्याचं आणि जाण्याचं दोन्ही काम करतं, खालच्या अंगानं गार हवा आत शिरते, विस्तवापाशी तापते, जाळ भिंतीवरून चढून घुमटाला लागून पुढं लोळतो आणि दाराच्या वरच्या अंगानं बाहेर पडतो, तिथं बाहेरच्या बाजूला धुराडं बसवलेलं असतं. हे तोंडी पटेना. शेवटी पहिल्यांदा पेटवली तेव्हा मामांनी स्वतःच उदबत्ती धरून बघितली, दाराच्या तळाशी धरली की धूर आत, वर धरली की बाहेर. तीन-चार वेळा वर-खाली करून बघितलं आणि मग फक्त "हां" म्हणाले. तो "हां" मला पगारवाढीपेक्षा मोठा वाटला.

घुमट मात्र मामांनी असा बांधला की बघत बसावं. मधोमध खिळ्याला फिरती काठी, काठीच्या टोकाला अँगल, प्रत्येक अर्धी वीट त्या टोकाला टेकवून बसवायची, म्हणजे आतून गोल आपोआप येतो. मालाचं प्रमाण तीन भाग बारीक वाळू, एक सिमेंट, एक चुना, एक फायर क्ले. नुसत्या सिमेंट-वाळूचा माल इथं टिकत नाही, चारशे-पाचशे डिग्रीला सिमेंटमधलं बांधलेलं पाणी निघून जातं, भट्टी गार झाली की हवेतला ओलावा परत शोषून ते फुगतं आणि सांधे भुसभुशीत होतात. चुना आणि फायर क्ले पुढं ते काम सांभाळतात. वरच्या तीन थरांना विटा तासून घ्याव्या लागल्या, शेवटची मधली चावीची वीट मामांनी लाकडी हातोडीनं ठोकून बसवली आणि नारळ फोडला.

आणि या सगळ्यात लादी कुणी बघितलीच नाही.

मी रविवारीच जायचो. लादी बसली बुधवारी. मी फोनवर दाजींना सांगितलं होतं, लादीच्या खाली इन्सुलेशन (उष्णता खाली जाऊ न देणारा थर) घाला, दाजींनी मामांना सांगितलं, मामा म्हणाले घालतो की. रविवारी मी गेलो तेव्हा विटांची तिरपी नक्षी सुंदर बसली होती, विटा कोरड्याच मांडलेल्या, सांध्यात माल नाही (हे बरोबर, वीट फुगायला जागा राहते आणि एखादी फुटली तर बदलता येते), मी विचारलं खाली इन्सुलेशन टाकलं ना, मामा म्हणाले टाकलंय, तीन इंच. मी खूश. ते तीन इंच कशाचं हे मी विचारलं नाही. बारा वर्षं फाउंड्रीत काढलेला माणूस, लॅडलचं (वितळलेला धातू ओतायच्या भांड्याचं) अस्तर कसं असतं हे झोपेत सांगेन, आणि घरच्या भट्टीला एक वीट उचलून बघितली नाही.

मेच्या मधल्या आठवड्यात घुमटावर सिरॅमिक ब्लँकेटचे एक-एक इंचाचे दोन थर घातले. इथं मास्क आणि हातमोजे पाहिजेतच, ते तंतू अंगाला चावतात ते सोडा, छातीत जायला नकोत. त्यावर कोंबडी जाळी बांधली, दुसऱ्या दिवशी गिलावा करायचा, आणि त्याच संध्याकाळी वळीव आला. असा तसा नाही, पत्रे वाजवणारा. ब्लँकेट स्पंजासारखं भिजलं. चार दिवस उन्हात वाळवलं, गिलावा केला, जूनच्या पहिल्या आठवड्यात छोटे-छोटे जाळ लावून भट्टी सुकवायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी मान्सून. ताडपत्री टाकून चार महिने विषय बंद.

ऑक्टोबरात परत सात दिवस सुकवली. हे सुकवणं टाळू नका, पाण्याची वाफ झाली की सोळाशे-सतराशे पट जागा मागते, घाईत मोठा जाळ केला तर ती वाफ विटेतून वाट काढते. पहिल्या दिवशी शंभर-सव्वाशेच्या पुढं जायचं नाही, मग रोज थोडं वाढवायचं. आम्ही तसंच केलं. घुमट पहिल्यांदा काजळीनं काळा झाला, मग जाळ वाढला तशी काजळी जळून विटा परत पांढऱ्या झाल्या, दाजींनी व्हिडिओ काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवला, आणि भाऊबीजेला जे झालं ते वर सांगितलंच आहे.

आता तपास. घरात प्रत्येकाचं एक मत. दाजी म्हणाले लाकूड ओलं आहे. बाभळीचं होतं, वर्षभर सुकलेलं, फोडल्यावर टणटण वाजत होतं, आणि ओलं असतं तर घुमट पांढरा झालाच नसता. ताई म्हणाली पीठ जाड लाटलंय. मामा म्हणाले धुराडं म्होरं घेतलं म्हणून (हे अपेक्षित होतं). भाचा नववीत, तो म्हणाला नेपल्समध्ये ९० सेकंदात होतो, आपण सहा मिनिटं ठेवतोय. पोरगं बरोबर बोलत होतं. नेपल्सच्या पिझ्झाची १९८४ सालापासून एक संघटना आहे, त्यांच्या नियमात ६० ते ९० सेकंदच आहेत, पण तिथं घुमट साडेचारशेच्या वर आणि लादीही चारशेच्या आसपास असते. वरचं आणि खालचं जमलं तरच ९० सेकंद. आमच्याकडं काय होतं तेच माहीत नव्हतं, कारण दाजींनी ऑनलाइन घेतलेली टेंपरेचर गन (लांबून तापमान मोजणारी) ३८० च्या वर गेलं की नुसतं "हाय" दाखवायची. स्वस्तातल्या बहुतेक गन अशाच असतात, घेताना वरची मर्यादा बघून घ्या.

पुढच्या रविवारी मी कामावरून चांगली गन आणि दोन थर्मोकपल (टोक आत खुपसून तापमान मोजायच्या तारा) नेले. तीन तास जाळल्यावर घुमट ४६०, लादी २५०. एक पिझ्झा टाकून काढला की लादी दोनशेवर, आणि पाच मिनिटं थांबलं तरी वर यायला तयार नाही. म्हणजे वर आग, खाली नुसती कोमट जमीन. मला पहिल्यांदा वाटलं वळवाचं पाणी अजून ब्लँकेटमध्ये आहे. पण ब्लँकेट घुमटावर आहे आणि घुमट तर मस्त तापतोय.

तेव्हा ताई सहज म्हणाली, भट्टी पेटवली की दुसऱ्या दिवशी सकाळी मांजर कायम लाकडांच्या पोकळीत, स्लॅबच्या खाली जाऊन झोपतं, तिथं ऊब असते. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळी सात वाजता तिथं हात घातला. स्लॅबचं बूड चांगलं गरम, गननं ५५. आणि भट्टीच्या आत लादी किती, तर ७०. रात्रभराची सगळी उष्णता खाली उतरून मांजराला गेली होती.

मग एक वीट उचलली. खाली वाळू. तीन इंच वाळूच. मामा म्हणाले, "इन्शुलेशन म्हंजे वाळूच की वो, आमी तव्याखाली बी घालतो." मी काय बोलणार. मामांच्या शब्दकोशात तो शब्द नव्हता आणि मी भाषांतर करून दिलं नव्हतं.

थर्मोकपलचं एक टोक त्या वाळूत खुपसलं, वीट परत ठेवली आणि पेटवलं. तिथंच सगळं कळलं. आकडा चढत चढत ९८ ला आला आणि थांबला. अर्धा तास ९८. एक तास ९८. वर लाकडावर लाकूड घालतोय, घुमट साडेचारशे, आणि वाळू ९८. फाउंड्रीत लॅडल सुकवणाऱ्या कुणालाही विचारा, शंभराच्या आसपास काटा अडकला म्हणजे आत पाणी आहे, पाणी संपेपर्यंत तो हलत नाही. ९८ का, तर कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, इथं पाणी शंभरच्या आधीच उकळतं. भाच्याला हे इतकं आवडलं की त्यानं वहीत ग्राफ काढला.

म्हणजे दोष दोन, एकावर एक बसलेले. पहिला, वाळू उष्णता अडवायची सोडून पितच होती: लादीच्या विटा शंभर किलो, खाली वाळू ऐंशी किलो, त्याखाली साडेपाचशे किलोची स्लॅब, आपण शंभर किलो तापवायला जाळ लावतोय आणि आणखी सहाशे तीस किलो रांगेत उभे. दुसरा, ती वाळू ओली. एक लिटर पाण्याची नुसती वाफ करायला जेवढी उष्णता जाते तेवढ्यात साधारण आठ किलो, म्हणजे दोन फायर ब्रिक, शंभरवरून चारशेवर जातात. आणि पाणी आलं कुठून? ताडपत्री घुमटाला गुंडाळली होती पण स्लॅबची चारही बाजूची कड उघडी, वरून सपाट, उतार नाही. चार महिने पाऊस त्या कडेवर साचून घुमटाच्या बुडाखालून आत मुरत होता, आणि स्लॅबला भोक नसल्यामुळं आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही. ऑक्टोबरात सात दिवस सुकवलं ते वरचं सुकलं, खालचं तळं तसंच.

दाजींचा चेहरा पडला, त्यांना वाटलं घुमट पाडायला लागणार. इथं मात्र नशीब, खरं म्हणजे मामांचा हात, कामी आला. काही जण लादी आधी घालतात आणि घुमट तिच्यावर उभा करतात. मामांनी घुमट थेट स्लॅबवर वेगळ्या थरावर उभा केलेला आणि लादी त्याच्या आत, कडेनं बोटभर फट सोडून. म्हणजे लादी दारातून काढता येणार होती. फक्त आत जाणार कोण? दार वीस इंच रुंद, साडेअकरा उंच. दाजी नाही, मी नाही. भाचा पोटावर सरपटत आत गेला, डोक्याला टॉर्च, नाकाला मास्क, एकेक वीट खडूनं नंबर घालून बाहेर दिली. ताई दारात बसून दर दोन मिनिटांनी "आहेस ना रे" विचारत होती. वाळू पत्र्याच्या डब्यानं काढली, वरची दोन इंच भुरभुरीत, खालची एक इंच काळपट आणि ओली, मुठीत धरली की गोळा होत होता. इतके जाळ लावूनसुद्धा. मामांनी तो गोळा हातात घेतला, बघितला, फेकला, आणि पानाची चंची काढली.

त्या जागी काय घातलं ते सांगतो. स्लॅबला खालून ड्रिलनं चार भोकं. त्यावर कॅल्शियम सिलिकेटचे एक इंची इन्सुलेशन बोर्ड, दोन थर, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे. इथं एक फसगत होता होता वाचली, पहिल्या दुकानदारानं त्याच नावाचा फॉल्स सीलिंगचा बोर्ड दिला होता, तो जड आणि कडक असतो, तापायच्या कामाला उपयोग नाही. आपल्याला पाहिजे तो हलका, खडूसारखा, नखानं ओरखडा उठतो असा. हे बोर्ड दारातून जायला कापायला लागले, जिगसॉ पझलसारखं आत भाच्यानं जुळवलं. त्यावर वाळू आणि फायर क्लेचा पातळ थर लेव्हलपुरता, त्यावर जुन्या विटा नंबराप्रमाणं. बोर्ड मिळाला नाही तर व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेलं हलकं खनिज) आणि सिमेंटचा हलका माल चार इंच घालतात, पण त्याला जागा जास्त लागते आणि सुकायला आठवडे. स्लॅबच्या कडेला मामांनी बाहेरच्या बाजूला उतार देऊन गिलाव्याची पट्टी ओढली, आणि वर पत्र्याचं शेड केलं, चारही बाजूंनी उघडं. बंद शेड करायचं नाही, विस्तवाचा वायू कोंडला तर माणूस जातो.

खर्च साडेसहा हजार, त्यात शेड नाही. बांधतानाच हे केलं असतं तर याच्या निम्म्यात झालं असतं, कारण निम्मे पैसे बोर्ड कापण्यात वाया गेलेल्या तुकड्यांचे आहेत.

परत पाच दिवस सुकवली. या वेळी थर्मोकपल बोर्डाच्या खाली ठेवला होता. मग शनिवारी संध्याकाळी पेटवली, दोन तासांत घुमट ४५०, लादी ३७०, आणि बोर्डाच्या खाली ४६. विस्तव एका बाजूला सारला, लादी ओल्या फडक्यानं पुसली, रवा भुरभुरून पहिला पिझ्झा सरकवला. (पिठापेक्षा रवा बरा, पीठ लगेच जळून कडवट लागतं.) एक मिनिट पन्नास सेकंद. खाली बिबट्यासारखे ठिपके, वर चीज उकळतंय. नेपल्सचे ९० सेकंद नाहीत, पण आपला मैदाही तो नाही आणि घाईही नाही. लागोपाठ तीन काढले तरी लादी ३३० च्या खाली गेली नाही. चौथ्यापासून उलटी तक्रार, खालून करपायला लागला, दाजी म्हणाले आता काय, मी म्हटलं आता दोन मिनिटं दम धरा.

धुराचं एक सांगायचं राहिलं. मुंबईत बेकऱ्यांच्या लाकडाच्या भट्ट्या लवकर बंद करून गॅस नाहीतर विजेवर न्यायला हायकोर्टानं २०२५ च्या जानेवारीत सांगितलं, आणि गल्लीत राहणाऱ्यांना त्याचं कारण समजावून सांगायला नको. आमचं शेतात आहे तरी पहिला अर्धा तास धूर होतोच, शेजारची म्हातारी आधी वाळत घातलेलं काढते आणि मग आमच्या नावानं बोलते. तिला पहिला पिझ्झा द्यायचा असा करार झालाय, ती त्यावरचं चीज काढून नातवाला देते आणि खालची भाकरी खाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लादी १७०. आत्यांनी न विचारता आत भरताची वांगी आणि एका परातीत शेंगदाणे ठेवले, नऊ वाजता काढले. मामा चहाला आले होते, त्यांनी शेंगदाणे फुंकून खाल्ले, मग वाकून स्लॅबच्या खाली हात घातला. गार. मांजर नव्हतं तिथं, ते आता गोठ्यात रेडकाच्या पोटाशी झोपतं.